वर्गणी घेतल्यानंतरचे वेळापत्रक

इंटरनेटवर लेखन, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे किंवा धडे प्रसिद्ध करून त्यासाठी दरमहा वर्गणी घेणाऱ्या व्यक्तीला आजच्या बोलीत ‘कंटेंट क्रिएटर’ म्हणतात. शब्द नवा असला तरी व्यवहार मराठीला अपरिचित नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेली ‘निबंधमाला’ हे वर्गणीदारांच्या आधारावर चालणारे मासिकच होते. तिचे ८४ अंक निघाले. त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीतून उतरला आणि प्रारंभीची वर्षे तर सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून उतरला. एक लेखक, ठरलेली मुदत आणि तिची वाट पाहणारे वर्गणीदार, ही मांडणी आजही तीच आहे. मधला छापखाना आणि टपाल मात्र गेले, आणि वर्गणीदाराला बोटाच्या एका स्पर्शाने वर्गणी थांबवता येऊ लागली.

या व्यवहाराला आजचे रूप देणाऱ्या मंचांपैकी ‘पॅट्रिऑन’ २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी जॅक काँटी हा स्वतः संगीतकार. चित्रफितींवर मोठे कष्ट आणि पैसा ओतावा आणि जाहिरातींतून हाती अत्यल्प यावे, या अनुभवातून त्याला श्रोत्यांनीच थेट पैसे देण्याची कल्पना सुचली. २०१७ मध्ये वार्तापत्रांसाठी ‘सबस्टॅक’ आले. ते वर्गणीतून दहा टक्के वाटा घेते. पुढे यूट्यूबने वाहिन्यांसाठी सशुल्क सदस्यत्व खुले केले आणि इन्स्टाग्रामनेही तोच मार्ग धरला. गोव्यातील एखादा भजनी कलाकार, पाककृती सांगणारी गृहिणी किंवा देवस्थानांचा इतिहास मांडणारा अभ्यासक आज यांपैकी कोठेही आपले दुकान मांडू शकतो.

जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीने एक आठवडा काहीच प्रसिद्ध केले नाही, तर तोटा केवळ तिचा होतो. प्रेक्षकाने तिला काही दिलेलेच नसते. वर्गणीचे तसे नाही. येथे पैसे आधी घेतलेले असतात, म्हणून वेळापत्रक ही घरगुती सोय राहत नाही. ते विकलेल्या मालाचाच भाग होते. ‘दर बुधवारी एक धडा’ असे सदस्यत्वाच्या पानावर लिहिले की तो करार झाला. भाषा कितीही मैत्रीची असली तरी.

या करारात बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. वचन देताना डोळ्यांसमोर आपला सर्वोत्तम महिना असतो. नवा उत्साह असतो, हाताशी साठलेले विषय असतात, घरात कोणी आजारी नसते. वेळापत्रक मात्र वर्षातील सर्वांत वाईट महिन्यावर बेतले पाहिजे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, फोंड्यातील एक शिक्षिका सदस्यांसाठी हार्मोनियमचे धडे प्रसिद्ध करते. शाळा आणि घर यांतून तिला आठवड्याला दहा तास, म्हणजे महिन्याला सुमारे ४० तास मिळतात. एका धड्याच्या तयारीला दोन तास, मुद्रणाला एक, संपादनाला दोन, स्वरलिपी लिहून काढायला एक आणि सदस्यांच्या शंकांना उत्तरे द्यायला एक, असे सात तास लागतात. कागदावर महिन्याला पाच धडे सहज बसतात. पण चवथीचा महिना येतो. घराची रंगरंगोटी, माटोळीचे सामान, पाहुणे, आरत्या. त्या महिन्यात हाती १६ तासच उरतात आणि त्यांत दोन धडे जेमतेम होतात. तेव्हा तिने वर्षभरासाठी वचन द्यावे ते महिन्याला दोन धड्यांचे. इतर महिन्यांत तिसरा धडा करून तो बाजूला ठेवावा. असे चार महिने गेले की चार धड्यांची शिल्लक जमते, म्हणजे दोन महिने आवाज बसला तरी वचन मोडत नाही.

दोन धडे फार कमी वाटतील ही भीती साहजिक आहे. परंतु वर्गणीदार सदस्यत्व सोडतो ते दर वेळी मजकूर थोडा म्हणूनच नव्हे. न वाचलेल्या पोस्टचा ढीग साचला की आपण पैसे वाया घालवीत आहोत ही टोचणीही त्याला लागते. घरी येऊन न उघडता पडलेल्या साप्ताहिकांचे गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच हिशेबात अधिक वर्गणीच्या श्रेणी तपासून घ्याव्यात. धडा दहा जणांनी पाहिला काय किंवा हजार जणांनी, तयारीचा वेळ जवळपास तोच राहतो. वैयक्तिक मार्गदर्शनाचा वेळ मात्र सदस्यसंख्येबरोबर वाढतो. ‘वरच्या श्रेणीतील प्रत्येकाला महिन्यातून वीस मिनिटे’ हे वचन १२ सदस्य असताना चार तासांचे असते. ६० झाले की वीस तासांचे होते, म्हणजे शिक्षिकेचा अर्धा महिना संपतो. अशा श्रेणीतील जागा आरंभापासूनच मर्यादित ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. नंतर जागा वाढवता येतात. दिलेली सवलत काढून घेणे मात्र फार जड जाते.

वर्गणी कापली जाण्याची तारीख

आता पोस्ट महिन्यात कोठे ठेवायच्या, हा प्रश्न. त्याचे उत्तर विषयापेक्षा वसुलीच्या पद्धतीवर अवलंबून आहे, आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तिका वाचून काम करणाऱ्यांच्या नजरेतून भारतातील एक गोष्ट हमखास निसटते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. तीत कोणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे असते. शिवाय ती वसुली किंवा संपूर्ण आदेशच रद्द करण्याची सोय असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून या चौकटीची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा अनेकांच्या जुन्या वर्गण्या एकाएकी बंद पडल्या होत्या. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम उत्तमच आहे. निर्मात्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की भारतीय वर्गणीदार दरमहा एकदा, पैसे जाण्याच्या आदल्या दिवशी, ‘हे मला हवे आहे काय?’ असा प्रश्न स्वतःला विचारतो. त्या वेळी त्याला आठवते ती गेल्या आठ-दहा दिवसांत मिळालेली गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वीचा उत्कृष्ट धडा तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

सर्वांची वर्गणी महिन्याच्या १ तारखेलाच जात असेल, तर शेवटच्या आठवड्यात एक भरीव पोस्ट ठेवावी इतके पुरेसे होते. परंतु जेथे सदस्य झाल्याच्या तारखेप्रमाणे वसुली होते, तेथे महिन्यातील प्रत्येक दिवस कोणा ना कोणाचा निर्णयाचा दिवस असतो. पहिल्या आठवड्यात चार पोस्ट आणि मग तीन आठवडे शांतता, ही मांडणी तेथे घातक ठरते. १८ तारखेला सदस्य झालेल्या माणसाला दरमहा ती शांतताच दिसते. दोनच पोस्ट असतील तर पंधरा दिवसांच्या अंतराने असाव्यात. मधल्या काळात सदस्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारी एखादी छोटी टिपणी पुरते.

नव्या सदस्याची अडचण आणखी निराळी. तो आज आला, पुढची पोस्ट बारा दिवसांनी. त्या अवधीत त्याच्या हाती काय? जुन्या मजकुराची नीट लावलेली अनुक्रमणिका आणि ‘येथून सुरुवात करा’ असे सांगणारे एक पत्र त्याला आल्याबरोबर मिळाले पाहिजे. हे काम एकदा करून ठेवले की वर्षानुवर्षे चालते, तरीही ते टाळले जाते. बहुधा त्यात नव्या निर्मितीचा आनंद नसतो म्हणून.

साठा आणि प्रासंगिक मजकूर

मराठी प्रकाशनविश्वाला वार्षिक नियोजन शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे आश्विनात हाती पडणाऱ्या अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यात किंवा त्याहीआधी सुरू होते. एकट्याने काम करणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका घेऊन आधी अडचणीचे दिवस खोडून टाकावेत: चवथ, गावची जत्रा, शिगमो, मुलांच्या परीक्षा, वीज हमखास जाणारे जून-जुलैचे दिवस. उरलेल्या जागेत मजकूर बसवावा. उलटा क्रम लावला की आखलेले वर्ष देखणे दिसते, पण टिकत नाही.

मजकुराचे दोन ढीग करणेही सोयीचे. एक कधीही चालणारा: रागाची ओळख, खतखते करण्याची रीत, एखाद्या देवळाच्या बांधणीचे वर्णन. दुसरा प्रासंगिक, म्हणजे त्या आठवड्यातच अर्थ असलेला. शिल्लक ठेवायची ती पहिल्याची. प्रासंगिक मजकूर आयत्या वेळी सुचला तर त्या आठवड्याचा ठरलेला धडा मागे सरकवून त्याला जागा द्यावी. दोन्ही एकदम देण्याचा मोह आवरावा. पाहुणा आला म्हणून दुसऱ्या दिवशीचा शिधाही आजच रांधायचा नसतो.

एकाच श्रमातून दोनदा उपयोग होण्याचा एक रुळलेला मार्ग म्हणजे सदस्यांना मजकूर आठवडाभर आधी देणे आणि मग तो सर्वांसाठी खुला करणे. नवे वाचक त्या खुल्या मजकुरातूनच येतात, म्हणून महिन्यातून एखादी तरी पोस्ट कुंपणाबाहेर हवी. सर्वच कडीकुलपात ठेवणाऱ्याचे दुकान रस्त्यावरून दिसतच नाही.

यंत्रावर सोपवलेले प्रकाशन

बहुतेक सर्व मंचांवर पोस्ट आधी तयार करून तिच्या प्रकाशनाचा दिवस आणि वेळ नेमून देता येते. सोय छोटी दिसते, पण हातातले काम आणि प्रकाशन यांची ताटातूट तिनेच होते. चार धडे एका रविवारी मुद्रित करून दोन महिन्यांत वाटून देता येतात. मात्र दोन बाबी पाहून घ्याव्यात. पहिली, खात्यात नोंदलेला कालविभाग. गोव्याचे वर्गणीदार आखातात आणि ब्रिटनमध्येही असतात. येथील रात्रीचे आठ म्हणजे दुबईतील सायंकाळचे साडेसहा. लंडनमध्ये ते उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन असतात आणि हिवाळ्यात अडीच, कारण तेथील घड्याळे वर्षातून दोनदा सरकतात, आपली नाही. खाते चुकून परदेशी कालविभागावर राहिले, तर ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी पोस्ट एक तास उशिरा जाऊ लागते आणि कारण उमगत नाही.

दुसरी बाब माणुसकीची. यंत्राला गावातली बातमी कळत नाही. मोठी दुर्घटना घडलेल्या सायंकाळी आधीच नेमलेली विनोदी चित्रफीत ठरल्या वेळी झळकते आणि ती टाकणारा माणूस निर्दय ठरतो. नेमलेल्या पोस्ट रोज सकाळी एकदा पाहणे आणि त्या थांबवता येतील असे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला शिकवून ठेवणे, ही काळजी घेतलीच पाहिजे.

खंड पडला तर

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी एप्रिल १८३६ पासून दरमहा एक शिलिंगाच्या भागांतून निघत होती. मे १८३७ मध्ये त्याची तरुण मेव्हणी मेरी हॉगार्थ अकस्मात वारली आणि जूनचा भाग निघालाच नाही. पुढील भागाबरोबर डिकन्सने खंडाचे कारण वाचकांना छापून कळवले. वाचक टिकून राहिले. मात्र त्या महिन्यात कोणाचाही शिलिंग गेला नव्हता, कारण पैसे भाग हाती पडल्यावर द्यायचे होते. आजच्या वर्गणीत यंत्र शोक पाळत नाही. पोस्ट नसली तरी कपात होते, आणि वर्गणीदार चिडतो तो त्या कपातीवर. पॅट्रिऑन आणि सबस्टॅक या दोहोंवर निर्मात्याला वसुली तात्पुरती थांबवता येते. आजारपण किंवा बाळंतपण अशा दीर्घ खंडाच्या वेळी ती आधी थांबवावी आणि मग चार ओळींचे पत्र लिहावे. क्षमापत्र आधी आणि वसुली चालूच, हा क्रम फार वाईट दिसतो.

वार्षिक वर्गणीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बारा महिन्यांचे पैसे एका दिवशी आले, तरी त्यांतील अकरा हिस्से अजून कमवायचे असतात. ते पहिल्याच महिन्यात खर्चून बसलेला निर्माता सातव्या महिन्यात थकला तर परत काय देणार? स्टीफन किंगसारख्या विक्रमी खपाच्या लेखकानेही जुलै २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी संकेतस्थळावर भागशः, वाचकांच्या प्रामाणिकपणावर विसंबून विकायला काढली आणि डिसेंबरमधील सहाव्या भागानंतर थांबवली. ती अपुरीच राहिली. तेथेही वाचकाने मिळालेल्या भागापुरतेच पैसे दिले होते. वार्षिक वर्गणी घेणाऱ्याला ही मोकळीक नसते. म्हणून दरमहा एक बारांश रक्कमच स्वतःकडे वळती करावी आणि उरलेली वेगळ्या खात्यात ठेवावी. काम कायमचे थांबवायचे ठरले, तर प्रथम नव्या वार्षिक वर्गण्या बंद कराव्यात, नंतर किमान दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, त्या अवधीत नेमलेले धडे पुरे करावेत आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करून जुना मजकूर उतरवून घेण्यासाठी सदस्यांना मुदत द्यावी.