जुनी फ्रेंच चावीची बाहुली : आत काय असतं, आणि ती जपायची कशी?

चावी दिली की मान वळवणारी, हातातल्या पंख्याने वारा घेणारी बाहुली म्हणजे ऑटोमॅटन. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस हे त्यांचं माहेरघर. रुले-दकाँ आणि लाम्बेर हे तिथले नावाजलेले कारखानदार. आत ना बॅटरी, ना चिप. गुंडाळलेली स्प्रिंग चाकं फिरवते. चाकांसोबत फिरते कॅम, म्हणजे वेडीवाकडी कड असलेली चकती. कडेचा चढ-उतार तारेमार्फत हात-मान हलवतो. बाहुलीचा प्रोग्रामच म्हणा ना!

असली करामत मानवतकरांना फार लांब नाही. मानवत रोडवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाईन धरून हैदराबाद गाठा. सालारजंग संग्रहालयातल्या 'कुक अँड केल्वी'च्या घड्याळात (ते फ्रेंच नव्हे) दर तासाला दाढीवाला बाहेर येऊन टोले देतो.

घड्याळाला निगा मिळते. कपाटातल्या बाहुलीला नाही. म्हणून हौसेने चावी देऊ नका. जुनं तेल घट्ट होतं, त्यात धूळ मिसळली की दाते झिजतात. स्प्रिंग तुटली तर एका झटक्यात दाते उडतात. आधी घड्याळजीकडून आतलं साफ करून घ्या. रेशमी कपडे धुऊ नका, उन्हात ठेवू नका. जीर्ण रेशीम हातातच विरतं. चांगली चालली, तर व्हिडिओ काढून ठेवा आणि पुढच्या पाहुण्यांना तोच दाखवा.