घोरपड, झाड आणि बॅकअप

शुक्रवारी रात्रीचा रिलीज पहाटे तीनला संपला. सर्व्हर झोपला होता, पण बॅकअप नीट होता म्हणून वाचलो. घरी आलो तर झोप येईना. मग वाचत बसलो आणि दोन नमुने डोक्यात घर करून बसले: कोमोडो ड्रॅगन आणि वोलेमी पाइन.

कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचाच थोरला भाऊबंद, तीन मीटरपर्यंत वाढणारा. इंडोनेशियातले तिथले लोक त्याला 'ओरा' म्हणून आधीपासून ओळखत होते. शास्त्राच्या दप्तरी नोंद मात्र १९१२ साली झाली, जावातल्या पीटर औवेन्स यांच्यामुळे. वोलेमी पाइन त्याहून उशिरा सापडला. १९९४ मध्ये सिडनीजवळच्या एका खोल घळीत डेव्हिड नोबल या उद्यान अधिकाऱ्याची नजर या सूचिपर्णी झाडावर पडली. याच्या घराण्याचे परागकण ९ कोटी वर्षं जुन्या खडकांत सापडतात!

गंमत म्हणजे ड्रॅगनचे जुने जीवाश्मही ऑस्ट्रेलियातच मिळालेत. म्हणजे दोघं एकेकाळचे गाववालेच.

पण दोघांना वाचवायच्या तऱ्हा अगदी उलट. ड्रॅगनसाठी १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि जगभरचे पर्यटक तिकीट काढून त्याला बघायला येऊ लागले. झाडाचा पत्ता मात्र गुप्त ठेवला, कारण जंगलात प्रौढ झाडं शंभराहूनही कमी. वर रोपं तयार करून २००५ मध्ये लिलाव केला, पुढच्या वर्षी विक्री सुरू झाली. थोडक्यात, जगभर बॅकअप! २०१९-२० च्या वणव्यात तर अग्निशमन दलाने खास मोहीम काढून मूळची झाडं वाचवली.

आता खरी मेख. या झाडांत जनुकीय फरक अगदी नगण्य, म्हणजे एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो. मुळं कुजवणारी बुरशी त्या घळीत पोचलीसुद्धा आहे. ड्रॅगनलाही २०२१ मध्ये 'संकटग्रस्त' ठरवलं गेलं. समुद्र चढतोय, आणि पुढच्या ४५ वर्षांत त्याचा किमान ३० टक्के अधिवास जाईल असा अंदाज आहे. प्राणिसंग्रहालयात पिल्लं होतीलही, पण बेटाचा बॅकअप कुठून आणणार?

आमच्या धंद्यात एक म्हणतात: रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे. कुंडीतलं रोप आणि पिंजऱ्यातला ड्रॅगन हे तसेच बॅकअप. मूळ जागाच गेली, तर रिस्टोअर करणार कुठे?

असो. आता झोपतो.