जत रोड स्थानक जतमध्ये का नाही? रस्त्यांचा नकाशा, एक सीमा आणि वर्गातला खेळ

मिरज ते कुर्डुवाडी या रेल्वेमार्गावर ‘जत रोड’ नावाचे स्थानक आहे. सांगली जिल्ह्याचा नकाशा प्रथमच हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला हे नाव हमखास फसवते. स्थानक जत शहरात असणार, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते शहराच्या बरेच उत्तरेला आहे आणि जत शहरातून रेल्वे जातच नाही. रेल्वेच्या परिभाषेत ‘रोड’ या उपपदाचा अर्थ एवढाच, की त्या गावी जायचे असेल तर येथे उतरावे आणि पुढची वाट रस्त्याने धरावी.

नाव वाचता येणे आणि नकाशा वाचता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली पाठांतराने येते. दुसरी कशी शिकवावी, हा प्रश्न शिक्षकांना किमान अडीचशे वर्षे पडलेला आहे आणि त्याचे एक जुने उत्तर खेळात शोधले गेले.

१७५९ साली लंडनमध्ये जॉन जेफ्रीज या शिक्षकाने युरोपच्या प्रवासाचा एक पट विक्रीला काढला. जेफ्रीज लेखन, हिशेब आणि भूगोल शिकवीत असे. त्याच्या पटावर युरोपचा नकाशा होता आणि नकाशावर ओळीने क्रमांक घातलेली शहरे होती. फाशाचा संबंध जुगाराशी, म्हणून सभ्य घरांत त्याऐवजी आकडे कोरलेली भिंगरी फिरवली जाई. जो आकडा पडेल तितकी घरे पुढे जायचे आणि सर्वांआधी लंडनला पोहोचायचे. वाटेत बक्षिसे होती, दंडही होते. रोमला थांबणाऱ्याने पोपच्या पायाचे चुंबन घेतले असे मानून त्याला थेट आइसलंडच्या थंडीत हद्दपार केले जाई. प्रॉटेस्टंट इंग्लंडचा पूर्वग्रह मुलांच्या खेळात असा अलगद शिरला होता. नकाशा काढणाऱ्याची बाजू नकाशात उतरते, याचे इतके भाबडे उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढच्याच दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या खोदकामगाराने लाकडी फळीवर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून करवतीने कापून विकले. तुकडे जुळवताना मुलांना कोणता देश कोणाच्या शेजारी आहे ते कळे. आजच्या जिगसॉ कोड्यांचा उगम तेथे मानला जातो.

हे दोन्ही खेळ कल्पक होते, पण रस्ता वाचण्याची विद्या त्यांपैकी एकातही नव्हती. स्पिल्सबरीच्या तुकड्यांना फक्त कडा होत्या. जेफ्रीजच्या पटावर वाट होती, पण ती एकच, आधीच आखलेली. भिंगरी सांगेल तितके पुढे जायचे, त्यात डोके चालवण्यास जागा नव्हती. आपल्याकडच्या मोक्षपटातही खेळाडूला निवड नाही. शिडी आणि साप त्याच्यासाठी ठरलेले असतात आणि तेथे ते योग्यच आहे, कारण तो पट कर्मफळाचा आहे, भूगोलाचा नव्हे. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या ‘व्यापार’मध्ये भारतातील शहरे पटाच्या कडेने मांडलेली असतात, पण त्यांचा क्रम नकाशाचा नसून किमतीचा असतो. त्यावरून कोणी मुंबईहून दिल्लीला निघाला तर त्याचे काय होईल, हे सांगायला नको.

रस्त्याचे जुने नकाशेसुद्धा एकवाटीच होते. १६७५ साली जॉन ओगिल्बीने इंग्लंड व वेल्सच्या रस्त्यांचा ‘ब्रिटानिया’ हा संग्रह छापला. चाकाने अंतर मोजून, एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात त्याने शंभर पाने तयार केली. प्रत्येक पानावर रस्ता गुंडाळीच्या लांब पट्ट्यांसारखा काढलेला असे. रस्ता वळला तरी पट्टी सरळच राही, म्हणून प्रत्येक पट्टीवर वेगळी दिशादर्शक खूण द्यावी लागे. जेम्स रेनेलने १७७८ साली बंगाल आणि बिहारच्या रस्त्यांची माहिती प्रसिद्ध केली, तीही मुख्यतः या गावाहून त्या गावाला इतके अंतर अशा स्वरूपाची. मराठी मुलखातही मजल-दरमजल चालणाऱ्याला कोसांचा आणि मुक्कामांचाच हिशेब पुरे. पुढचा मुक्काम कोणता, पाणी कोठे आणि नदीला उतार कोठे, एवढे ठाऊक असले की झाले.

पट्टीवर प्रवासी कोठे आहे ते कळते, पण तो चुकला तर पट्टी निरुपयोगी ठरते. चुकलेल्याला जाळे लागते. महाराष्ट्रात रस्त्यांकडे जाळे म्हणून पाहण्याचा निर्णायक क्षण १९४३ साली नागपुरात आला. युद्धाच्या धामधुमीत देशभरातील मुख्य अभियंते तेथे जमले आणि त्यांनी पुढील वीस वर्षांच्या रस्त्यांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही पाच प्रकारची उतरंड त्या योजनेने रूढ केली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असेही उद्दिष्ट ठेवले गेले. जिल्ह्याच्या नकाशातील जाड-बारीक, लाल-पिवळ्या रेषा म्हणजे त्या बैठकीची सावली आहे. खुणांची सूची पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एवढे सांगितले, तरी त्या रेषा निव्वळ रंगीत राहत नाहीत.

जतसारख्या तालुक्यात काही रेषांना आणखी एक इतिहास आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागांत लाखो माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव खोदणे आणि रस्त्यांचा भराव घालणे हीच त्या वर्षी गावोगावची रोजी होती. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. दुष्काळी कामांतील बरेच रस्ते घाईने आखलेले होते. त्यांचा पहिला हेतू दोन गावे जोडणे हा नव्हता, माणसांच्या हाताला काम देणे हा होता. नकाशावर एखादा बारीक मार्ग माळावर जाऊन संपलेला दिसला, तर ‘हा असा का थांबला?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. उत्तर वर्गात मिळाले नाही तर घरच्या आजी-आजोबांकडे मिळण्याची शक्यता अधिक.

आता जतच्या मुख्य रस्त्याकडे वळू. गुहागरहून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, विटा, नागज आणि जतमार्गे विजापूरला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग १६६ ई म्हणून ओळखला जातो. आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर दाभोळ होते आणि राजधानी विजापूर. कोकणकिनारा आणि विजापूर यांच्यामधील दळणवळणाची दिशा म्हणूनच फार जुनी आहे. डफळे घराण्याचा जतशी संबंध याच आदिलशाही काळात जुळला. पुढे जत हे साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक झाले. सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यानंतर जत त्यांच्या देखरेखीखाली आले आणि कालांतराने विजापूरचा कलेक्टर हाच जत संस्थानाचा पोलिटिकल एजंट झाला. जतच्या कारभाराचे तोंड तेव्हा पूर्वेला होते.

मार्च १९४८मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा बनला, जत त्यात गेले आणि १९६०मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. कारभाराचे तोंड पश्चिमेला फिरले. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विजापूर, बेळगाव, धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. ३१ ऑक्टोबरला जतहून विजापूरला निघालेला माणूस एकाच मुंबई राज्यात प्रवास करीत होता. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच बाभळींच्या सावलीत, तो दुसऱ्या राज्यात शिरत होता. रस्त्याचा एक दगडही हलला नव्हता.

या ठिकाणी नकाशावाचन हा परीक्षेतील चार गुणांचा विषय उरत नाही. अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेत मोजले, तर जत शहरापासून विजापूर साठ किलोमीटरांच्या आत आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण सांगली सत्तरच्या आसपास. तालुक्याच्या पूर्व टोकाच्या उमदीहून पाहिले तर ही तफावत कितीतरी वाढते. तालुक्यातील कित्येक गावांत घरची भाषा कन्नड आहे आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील गावांवर हक्क सांगितला, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा आधार पाण्याअभावी त्रस्त झालेल्या ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावांचा होता. दूरचित्रवाणीवर आठवडाभर नकाशे झळकले. त्यांतील किती प्रेक्षकांना संख आणि गुड्डापूर नकाशावर बोट ठेवून दाखवता आले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

वर्गातला खेळ येथेच उपयोगी पडतो. त्याला साहित्य फारसे लागत नाही. जिल्ह्याचा रस्त्यांचा नकाशा, थोडा दोरा, चिठ्ठ्या आणि चार-चार विद्यार्थ्यांचे गट एवढ्यावर तो मांडता येतो. पहिल्या फेरीत एका विद्यार्थ्याने मार्ग सांगायचा आणि दुसऱ्याने बोटाने तो चालायचा. गावाचे नाव उच्चारायचे नाही. ‘पूर्वेला नीघ, दुसऱ्या फाट्यावर उजवीकडे वळ, रेल्वे ओलांड’ अशाच सूचना द्यायच्या. बोट रस्त्यावरून उचलले की गुण गेला. नकाशाची उत्तर आणि बाकावर बसलेल्या मुलाची उजवी बाजू यांचा गोंधळ याच फेरीत उघडा पडतो. बोट दक्षिणेकडे चालू लागले की उजवा हात पश्चिमेला येतो. ही गोष्ट फळ्यावर दहादा सांगून जितकी पटत नाही, तितकी एकदा हरल्यावर पटते.

दुसऱ्या फेरीत दोरा येतो. वळणावळणाच्या रस्त्यावर तो अंथरायचा, मग सरळ करून प्रमाणपट्टीवर धरायचा. १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. देशाने दशमान मापे स्वीकारण्यापूर्वी हेच काम एक इंचाला एक मैल या हिशेबाने चाले. वर्गात एखादा जुना नकाशा असेल, तर दोन्ही मापांनी एकच रस्ता मोजायला लावावा. उत्तरे जुळेनात की प्रमाण म्हणजे काय, हे सांगत बसावे लागत नाही.

खरी गंमत तिसऱ्या फेरीत आहे. गट आपला मार्ग ठरवून मोकळे झाले की शिक्षक नकाशावर ‘रस्ता बंद’ अशी चिठ्ठी ठेवतात. कारण खरेच असावे. २००५ आणि २०१९ साली कृष्णेच्या महापुरात सांगली परिसरातील रस्ते पाण्याखाली गेले होते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथील माणसाला जिल्ह्याच्या गावी जाताना पूर आडवा येतो, ही विसंगती नकाशावर स्पष्ट दिसते. मग गटाने दुसरी वाट शोधायची, ती किती लांब पडते ते दोऱ्याने मोजायचे आणि ती कोणत्या प्रतीची आहे ते खुणांच्या सूचीवरून सांगायचे. जवळची कच्ची वाट घ्यावी की लांबची पक्की, यावर गटात भांडण होते. जेफ्रीजच्या पटावर जे कधीच घडू शकत नव्हते, ते हेच.

चिठ्ठी बदलली की खेळ बदलतो. ‘एक टँकर, तीन वाड्या, कमीत कमी अंतर’ असे लिहिले की वाटांचा क्रम लावावा लागतो. ‘मिरजेहून रेल्वेने या आणि जतला पोहोचा’ अशी चिठ्ठी निघाली की निम्मे गट जत रोडलाच प्रवास संपवतात आणि हरतात.

नावांचीही एक फेरी घ्यावी लागते. जुन्या नकाशावर बिजापूर, मराठी बोलण्यात विजापूर आणि १ नोव्हेंबर २०१४पासून अधिकृत नाव विजयपुर. नाक्यावरची पाटी, शाळेतील नकाशा आणि एसटीच्या कपाळावरचा फलक या तिन्हींत एकच शहर तीन रूपांत दिसू शकते. कन्नड जाणणाऱ्या मुलांना येथे आपसूकच आघाडी मिळते. कन्नडमध्ये गुड्ड म्हणजे टेकडी, हे त्यांनाच आधी ठाऊक असते. एरवी मराठी तासाला मागे पडणारा विद्यार्थी या फेरीत गटाचा वाटाड्या होतो.

हातातला फोन मार्ग सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. फोन ओगिल्बीची पट्टीच दाखवतो, फक्त ती चालत्या पावलांबरोबर सरकते. निवड त्याने आधीच केलेली असते, आणि ती कशावरून केली हे तो सांगत नाही.

तालुक्याचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा मिळवू पाहणाऱ्या शिक्षकासाठी एक व्यावहारिक माहिती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत जत शहर ‘४७ ओ’ या चौकोनात येते, पण सतरावा अक्षांश शहराच्या पाच-सहा किलोमीटर दक्षिणेवरून जातो आणि तेथे ‘४७ पी’ सुरू होतो. संपूर्ण तालुका एका कागदावर मावत नाही. कडा कापून, रस्त्याला रस्ता लावून कागद खळीने जोडावे लागतात आणि ते काम विद्यार्थ्यांनाच करू द्यावे.