२० मार्च पाठ आहे, १७ मार्चचे काय?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असते. पण त्या पाण्यावरचा सनातन्यांचा दावा शेवटच्या कोर्टात कधी फेटाळला गेला, असे विचारले की सभेत शांतता पसरते. तो दिवस १७ मार्च १९३७. ओंजळ आणि निकाल यांच्यामध्ये दहा वर्षे गेली, फक्त तीन दिवस कमी. पहिल्या दिवसाची आपण जयंती केली. त्यानंतरच्या दहा वर्षांची मात्र आपण साधी नोंदही ठेवली नाही.

बाबासाहेबांच्या वकिलीबद्दल दोन गोष्टी नेहमी कानावर येतात. विरोधक म्हणतात, त्यांची वकिली चाललीच नाही. आपल्यातले काहीजण म्हणतात, वकिली हा पोटापुरता धंदा होता, खरे काम चळवळीचे. आमच्या मते ही दोन्ही म्हणणी चूक आहेत, आणि दुसरे म्हणणे आपले जास्त नुकसान करते.

आधी पहिल्याकडे पाहू. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेच्या फीचेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. त्या काळी उच्च न्यायालयाच्या दोन शाखा होत्या. मूळ शाखेत मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे चालत. तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. सॉलिसिटर मध्ये असे आणि कोणत्या बॅरिस्टरला काम द्यायचे हे तोच ठरवी. सॉलिसिटरांच्या त्या पेढ्यांमध्ये अस्पृश्य बॅरिस्टरला कोण काम देणार? हुशारी असून चालत नव्हते, ओळख आणि जात लागत होती. उरली ती अपील शाखा. जिल्ह्याजिल्ह्यांतून हरलेले, गांजलेले लोक जिथे दाद मागायला येत, ती शाखा. शिवाय जिल्ह्यांची आणि तालुक्यांची कोर्टे.

तेव्हा वकिली चालली नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की दार कोणी बंद केले होते? घर चालवायला बाबासाहेब १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य. ज्याला कायदा जमत नाही त्याला कायद्याचे कॉलेज चालवायला देत नाहीत.

त्यांनी घेतलेले खटलेही पाहा. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर बदनामीचा खटला झाला. खालच्या कोर्टाने तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात बाबासाहेबांनी अपील चालवले आणि आरोपी सुटले. पुढे १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला आला, तेव्हाही बाबासाहेबच उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू त्यांनी मांडली. तो खटला ते हरले. आम्ही हे मुद्दाम सांगतो. हरणार हे दिसत असतानाही बाजू घेणे हा त्या वकिलीचा भाग होता. फीच्या हिशेबात अशा खटल्यांची किंमत शून्य धरली जाते. आपण कोणता हिशेब धरायचा हे आपण ठरवायचे.

आता महाड. इथे बाबासाहेब वकील म्हणून नव्हे, तर प्रतिवादी म्हणून कागदावर आहेत. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ असे त्या निकालाचे नाव आहे. खटला आपण भरलेला नव्हता. मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरवले होते. तरीही मार्चच्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी शेणमूत्राने तळे ‘शुद्ध’ करून घेतले आणि डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरताच महाडच्या कोर्टात दावा टाकला. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषदेला जमलेले हजारो लोक तळ्यावर जायला तयार होते. मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी तहकूब करायला लावला. लोकांना तो निर्णय जड गेला. आजही काहीजण त्याला माघार म्हणतात. पण सरकारशी आणि सनातन्यांशी एकाच वेळी झुंज घेऊन आपल्याच लोकांना तुरुंगात पाठवायचे, की सनातन्यांना त्यांचा ‘धर्म’ कोर्टात पुराव्याने सिद्ध करायला लावायचे, हा प्रश्न होता. बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा मात्र चालूच राहिला.

सनातन्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी कधीच घेतलेले नाही, ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, आणि वहिवाट म्हणजेच कायदा. हा बचाव आजही आपल्याला गावागावात ऐकू येतो. ‘पूर्वीपासून असंच आहे.’

तीन कोर्टांनी या म्हणण्याचे काय केले ते नीट वाचण्यासारखे आहे. महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. वहिवाट दिसते, असे त्या कोर्टाने मानले. पण एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क मिळत नाही, असे म्हटले. सनातनी अपिलात ठाण्याला गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही हरले. ठाण्याच्या कोर्टाने आणखी पुढचे म्हटले : ही वहिवाट अनादि असल्याचे सिद्धच झालेले नाही. मग दुसरे अपील उच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी १७ मार्च १९३७ च्या निकालात ठाण्याचे मत उचलून धरले.

या निकालातला आमच्या मते सर्वांत मोलाचा मुद्दा पुरावा कोणी द्यायचा हा आहे. मंदिर प्रवेशाच्या खटल्यांत त्या काळची कोर्टे अस्पृश्यांच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या विरुद्ध जात. कमुदीच्या मंदिरासाठी नाडार समाज थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ साली हरला. मंदिराच्या बाबतीत जुनी प्रथा दिसली की ते वरच्या जातींसाठीच आहे असे गृहीत धरले जाई आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे वगळलेल्यांवर पडे. ब्रूमफील्ड म्हणाले, तळ्याला हे गृहीतक लागू होत नाही. ज्याला इतरांना दूर ठेवायचे आहे त्यानेच आपला हक्क सिद्ध करावा. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी कोणी कोणाला अडवले असेल, याचीही त्यांनी शंका घेतली. ‘अनादि’ हा शब्द तिथेच कोसळला.

पण या निकालाचे आम्ही निव्वळ गोडवे गाणार नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अन्यायकारक किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे पाहावे लागले असते, असे म्हणून कोर्टाने तो प्रश्न बाजूला ठेवला. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे मुळातच बेकायदा आहे, असे उच्च न्यायालयाने १९३७ साली म्हटले नाही. याचा अर्थ असा, की दुसऱ्या एखाद्या गावातल्या सनातन्यांनी जास्त चांगला पुरावा आणला असता तर? ही पळवाट उघडीच होती.

ती पळवाट कोणी बंद केली? नऊ वर्षांहून अधिक काळ त्या दाव्याचा प्रतिवादी असलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने. संविधानाचे कलम १५ उघडून वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट हे शब्द मूलभूत हक्कांत लिहिलेले आहेत. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. वहिवाट किती जुनी हा प्रश्नच उरला नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या कलम १२ ने तर ओझे पूर्ण उलटवले : अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत या कायद्याखालचा गुन्हा घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे कोर्टाने गृहीत धरायचे, तसे नसल्याचे आरोपीने सिद्ध करायचे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आणखी एक गृहीतक आले : आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे धरायचे.

म्हणून चळवळ एकीकडे आणि वकिली दुसरीकडे, असे आम्ही मानत नाही. सत्याग्रहाने प्रश्न उभा केला, खटल्याने त्याचे कायदेशीर रूप स्पष्ट केले, संविधानाने त्याचे उत्तर लिहिले.

आता आपल्याकडे वळू. नुकसानभरपाईचेच घ्या. बाबासाहेबांच्या सनदेच्याच वर्षी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याचे तत्त्व साधे आहे : अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढे दाखवले की पुरे, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबाला १० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात ठेकेदार म्हणतो, तो माझा माणूसच नव्हता, स्वतःहून उतरला. हजेरीपटावर नाव नसते, मजुरी रोखीने दिलेली असते. मग नवरा गेलेल्या बाईने सिद्ध करायचे की तो कामावर होता. ओझे पुन्हा आपल्याच डोक्यावर.

अॅट्रॉसिटीच्या खटल्यांतही हेच. निर्दोष सुटकेचा निकाल लागतो, आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो काढतो. अपिलाची मुदत मात्र निघून जाते. त्या कायद्याच्या कलम १४अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत करायचे असते. निकालाची प्रमाणित प्रत कोणी मागितली, असे आम्ही कार्यकर्त्यांना विचारतो तेव्हा ते एकमेकांकडे बघतात. सनातनी मात्र महाडमध्ये हरल्यावर ठाण्याला गेले, ठाण्यात हरल्यावर मुंबईला गेले. खोट्या हक्कासाठी त्यांनी तीन कोर्टे चढली. खऱ्या हक्कासाठी आपण पहिल्याच पायरीवर बसून राहायचे?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. एलएलबी झालेल्या आपल्या मुलामुलींनी अपिलाचे काम शिकावे. त्यात भाषण नाही, टाळ्या नाहीत; जुने कागद, तारखा आणि नोंदी वाचणे आहे. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एक साधी वही ठेवावी : गुन्हा कधी नोंदला, आरोपपत्र कधी गेले, निकाल कधी लागला, अपिलाची शेवटची तारीख कोणती. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांची हजेरी, ठेकेदाराचा फोन, कामाचा फोटो आजच जपून ठेवावा, अपघात झाल्यावर नव्हे.

येत्या २० मार्चला महाडला जरूर जाऊ. पण तीन दिवस आधी, १७ मार्चला, आपापल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन आपल्या समाजाचे किती खटले अपिलाशिवाय पडून आहेत याची यादी करू. बॅरिस्टर आंबेडकरांना तेवढे अभिवादन आपण देणे लागतो.

जय भीम!