छप्पर कोणाचे?

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. सासरी गांजलेल्या स्त्रीला त्या काळी आधार म्हणजे घराबाहेरचे छप्पर. पुढे १९८३ साली पतीच्या व सासरच्यांच्या क्रूरतेला दंडविधानात शिक्षा आली. पण नवरा तुरुंगात गेला तरी बायकोने राहायचे कोठे? उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिले. घर कोणाच्याही नावावर असो, राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. दंडाधिकारी छळणाऱ्या पुरुषालाच बाहेर जाण्यास फर्मावू शकतो. पहिली सुनावणी सामान्यतः ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. (तारखांचा कारभार निराळाच!) भिंतीपलीकडचे रडणे ऐकणाऱ्या शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्यास कळविता येते, सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.