तबकडीच्या पाठीवरचा क्रमांक

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचे कॉकपिट पुन्हा जुळवताना जाणकार उपकरणाची पाठ आधी पाहतो. तिथे राजमुकुट, ब्रिटिश हवाई मंत्रालयाची ‘एएम’ ही अक्षरे आणि भांडारक्रमांक असतो. ‘६ए’ म्हणजे विमानाची उपकरणे, ‘५सी’ म्हणजे विजेचे सामान. पण हा क्रमांक वस्तूचे नाव सांगतो, गाव नाही. कृत्रिम क्षितिज, उंचीमापक आदी सहा उपकरणांचे तेच प्रमाणित पॅनेल हरिकेन आणि लँकेस्टरमध्येही बसे. तेव्हा ‘अस्सल स्पिटफायरचे’ म्हणून विकले जाणारे उपकरण बाँबफेकी विमानातलेही असू शकते! मग खात्रीसाठी तबकडी उघडून खरवडायचा मोह होतो. तो जिवावर बेतेल. अंधारात आता न चमकणाऱ्या रंगातले झिंक सल्फाइड निकामी झालेले असते, रेडियम नव्हे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे.