282 नंबरचा निळा

1867 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपले रंग ठरवले: आकाशी निळा आणि मक्याचा पिवळा. ठराव झाला, पण नेमकी छटा कोणती? फिती विकणारा, झेंडे शिवणारा, पत्रिका छापणारा, ज्याचा त्याचा निळा वेगळा. शेवटी 1912 साली समिती नेमून छटा पक्क्या कराव्या लागल्या. आज तिथला निळा आकाशी मुळीच राहिलेला नाही, चांगला गडद झालाय. छापखान्यात त्याची ओळख पॅन्टोन 282, पिवळ्याची 7406.

रंगांना असे नंबर मिळाले 1963 साली. पॅन्टोन कंपनीच्या लॉरेन्स हर्बर्ट या अमेरिकी माणसाने मोजक्या मूळ शाया घेतल्या, त्या कोणत्या प्रमाणात घोटायच्या ते ठरवलं आणि प्रत्येक मिश्रणाला नंबर देऊन नमुन्यांचा पंखा छापला. आपल्याकडचे मुद्रक याला ‘स्पेशल कलर’ म्हणतात. चार रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून निळ्याचा भास करायचा नाही. डब्यातच तयार निळी शाई, तिची प्लेट वेगळी. रंगागणिक वेगळा ठसा ही चाल मात्र हर्बर्टच्या कितीतरी आधीची. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या चित्रांत दर रंगाला स्वतंत्र दगड लागायचा.

करड्याची गोष्ट उलटी. एकरंगी छपाईत करडी शाई डब्यात नसते. असते काळी, आणि तिचे लहानमोठे ठिपके. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने 4 मार्च 1880 रोजी झोपडवस्तीचा फोटो असा जाळीतून छापला, तेव्हापासून वाचकांचे डोळे आनंदाने फसताहेत.

ॲन आर्बरच्या छपाईला या काळ्या शाईनेच जगवलं. 1893 साली एडवर्ड्स आडनावाच्या दोघा भावांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, व्याख्यानांच्या नोट्सच्या प्रती काढून विकायला सुरुवात केली. त्यातून एडवर्ड्स ब्रदर्स हा पुस्तकांचा मोठा छापखाना उभा राहिला. विद्वानांची, थोड्या प्रतींची पुस्तकं हे या गावाचं खास काम: आत काळं, फार तर जोडीला एखादा रंग. 2012 मध्ये हा छापखाना मॅलॉय या शेजाऱ्यात मिसळला आणि 2018 मध्ये बंद पडला.

तोवर प्लेटा बनवायची फिल्म जाऊन पीडीएफ आली होती. अडोबीने ती 1993 साली आणली खरी, पण स्पेशल कलर नावानिशी सांगायची सोय आली 1996 च्या 1.2 आवृत्तीत. फाइलमध्ये त्या रंगाच्या तीन गोष्टी असतात: शाईचं नाव, ती शाई हाताशी नसेल तर वापरायचा बदली रंग, आणि एकातून दुसऱ्यात जायचं गणित. पडद्यावर दिसतो तो बदली रंग. प्लेट निघते ती नावावरून.

घोळ होतो तो इथेच. मुखपृष्ठावरच्या बोधचिन्हात ‘पॅन्टोन 282 सी’ आणि शीर्षकात ‘पॅन्टोन 282 यू’ असेल, तर पडद्यावर ते सहज लक्षात येत नाही. सी म्हणजे गुळगुळीत कागदावरचा नमुना, यू म्हणजे साध्या, शाई एकच. पण नावं दोन, म्हणून यंत्र मुकाट्याने दोन प्लेटा काढतं. फोटोंचंही तसंच. करडा दिसणारा फोटो पडद्याच्या आरजीबी रंगांत राहिला, तर तो चार शायांत फुटतो आणि एकरंगी दिसायला हव्या त्या फोटोत नको असलेली तांबूस-हिरवट झाक येते. काळी अक्षरं चार शायांत गेली तर आणखी वाईट: प्लेट केसभर सरकली की बारीक टाइपाला रंगीत कडा फुटतात.

म्हणून फोटो ग्रेस्केल करून घ्या, अक्षरं निव्वळ काळी ठेवा, आणि फाइल पाठवण्याआधी ॲक्रोबॅट प्रोमधलं ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडून प्लेटा मोजा. दुरंगी कामात दोनच प्लेटांवर शाई दिसली पाहिजे. तिसरीवर दिसली, तर फाइल अजून तयार नाही.